डब्यातला दिवा

"मेली पुन्हा!" गाडीच्या आतून जान्हवी ओरडली. "नितेश, बॅटरी ठार. एक दिवा लागेल तर शपथ!"

नितेशने सरकता दरवाजा उघडला, तेव्हा ती गाडीतल्या स्वयंपाकाच्या ओट्याशेजारच्या टच-बटणावर बोट आपटत होती. बटण म्हणजे नुसती गुळगुळीत काच. चालू की बंद, बघून काही कळायचं नाही. छतातल्या एलईडी पट्ट्या, पलंगामागचे दिवे, ओट्यावरचा दिवा, सगळे गप्प. काल दुपारी मुलुंडला घरी परतताना तिने स्वतः बॅटरी भरून, दिवे तपासून, बंद करून कुलूप घातलं होतं.

"आणि तू हात धुवून येत जा रे. परवाच पुसलं होतं मी हे." बटणाशेजारचा लाल डाग तिने फडक्याने घासून काढला. नितेशच्या बोटांना गाडीच्या पत्र्याला लावायचा लाल प्रायमर कायम चिकटलेला असायचा.

"मी कुठे हात लावला?" नितेश म्हणाला. पण बायकोचा पारा बघून त्याने वाद वाढवला नाही.

रविवारी निघायचं होतं. दोघांचीही कामं लॅपटॉपवर. मुलुंडची भाड्याची जागा सोडायची आणि वर्षभर या टेम्पो ट्रॅव्हलरमध्येच संसार मांडायचा, असा बेत. मरोळच्या एका गाळ्यात गाडीचं आतलं सुतारकाम झालं. वायरिंग जान्हवीने हौसेने स्वतः केलं. नितेशने शिवून घेतलेले दुहेरी पडदे तर असे जाड, की तो ज्याला त्याला ऐकवायचा, "आत दिवाळी केली तरी बाहेर पत्ता लागणार नाही." सगळं झकास जमलं होतं. गाडी घाटकोपरला, नितेशच्या आईच्या इमारतीमागे आणून लावली आणि हे लचांड सुरू झालं.

नितेशच्या आईला, रत्नप्रभाबाईंना, हा बेत मुळातच पटला नव्हता. "डब्यात कोण रवता काय?" असं त्या आपल्या मालवणीत म्हणाल्या, आणि तेव्हापासून गाडीचं नावच डबो पडलं. डबो धुतलास? डब्याक कुलूप घातलंस? चौकशी सगळी, पण जान्हवीने किती वेळा म्हटलं, "आई, एकदा आत येऊन बघा तरी," की लगेच गुडघे पुढे यायचे. संध्याकाळी भाजीला मात्र तेच गुडघे बरोब्बर चालायचे. जान्हवी तोंडावर हसून सोडून द्यायची. आत मात्र लागायचं तिला. चांगलंच लागायचं.

नितेशचा मित्र प्रबुद्ध दुकानांच्या एलईडी पाट्या बनवायचा. तो मीटर घेऊन आला. फ्यूज पाहिला, डिमर पाहिला, एकेक जोड उघडून पाहिला. दिवे बंद असताना करंट कुठे झिरपतोय का, तेही पाहिलं. शेवटी मीटर पिशवीत टाकत म्हणाला, "वहिनी, वायरिंग एक नंबर. बॅटरीपण ठणठणीत. लोचा गाडीत नाहीच. कोणीतरी हात लावतंय."

"कोण लावणार?" नितेशने विचारलं.

"चावी कोणाकोणाकडे आहे?"

जान्हवीने वर बघितलं. दुसरी चावी वर, आईच्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला होती.

प्रबुद्ध गेल्यावर नितेश पायरीवर बसला. "आई असलं करणार नाही," तो म्हणाला. मग, "पण तिचं मन नाहीये गं यात. खरं सांगू? तिला असं रुसलेलं ठेवून मला निघवत नाही. रविवारपर्यंत दिवे नीट झाले तर जाऊ. नाहीतर विकून टाकू या, यार."

दिवे हे निमित्त होतं, हे जान्हवीला कळत होतं. एवढ्या उमेदीने उभं केलेलं सगळं असं कुणाच्या हट्टापायी विकायचं? रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काय तो सोक्षमोक्ष लावायचाच, असं तिने ठरवलं.

शनिवारी बॅटरी भरली, दिवे तपासले, बंद केले. नितेशला तिने मुलुंडला पुढे पाठवलं. दरवाजा आतून ओढून लॉक केला आणि मागच्या पलंगावर पडद्याआड पाय जवळ घेऊन बसली. काय बोलायचं तेही घोकून ठेवलं. आई, आम्ही जायला नको असेल तर तसं तोंडावर सांगा, हे असलं चोरून कशाला?

बाहेर अंधारून आलं. मुलांचा क्रिकेटचा गलका थांबला. मग कुलपात चावी फिरली.

कोणीतरी पायरीवर एक पाय ठेवून थांबलं, "आई गे" म्हणालं, आणि दुसरा पाय वर घेतला. बांगड्या वाजल्या. पडद्याच्या फटीतून जान्हवीला हात दिसला. तो सरळ बटणाकडेच गेला.

सापडल्या! जान्हवी पडदा सारून उठली, आणि त्याच क्षणी सगळी गाडी उजळली. छत, पलंग, ओटा. रत्नप्रभाबाईंनी चिमटीतलं कुंकू बटणाशेजारी टेकवलं, हात जोडले आणि वळल्या.

"मेल्ये! किती घाबरलंय मी!" त्यांनी छातीवर हात ठेवला.

घोकलेलं वाक्य जान्हवीच्या तोंडातच राहिलं. "आई... तुम्ही रोज येता?"

"तर! तिन्हीसांजेक काळोख ठेवतत काय?"

"अहो, पण मग जाताना बंद का नाही करत? रात्रभर जळून सकाळी बॅटरी मरते!"

भलतंच अभद्र काही ऐकावं तसं रत्नप्रभाबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"अगो, घरातलो दिवो आपल्या हातान कोण मालवता?"