आमदारांचं टपाल

शहाऐंशी साली विनयाताई चंडीगडजवळच्या एका गावात सरकारी डॉक्टर होत्या. मोफत उपचार बंद करणाऱ्या विधेयकाविरुद्ध मत द्या, अशी दोनशे पत्रं त्यांनी दवाखान्यात येणाऱ्या बायकांकडून लिहून घेतली आणि तिथल्या आमदारांना पाठवली.

आठवड्यानं दारात पोलिसांची जीप थांबली. दिवस अतिरेक्यांच्या धास्तीचे. विनयाताईंनी दार अर्धंच उघडलं.

आमदारांच्या अंगरक्षकानं एक पत्र पुढं केलं. "साहेबांचं टपाल आधी मी उघडून तपासतो जी. ही कुठली भाषा?"

"मराठी. माझ्या सासूबाईंनी लिहिलंय. काही चुकलं का?"

"नाही जी. पण साहेब स्वतः एकही पत्र वाचत नाहीत."

त्यानं पत्र उलगडलं.

"म्हणून रोज गाडीत मीच मोठ्यानं वाचून दाखवतो. मॅडमजी, एवढ्या एकाचा अर्थ सांगा."