कर्ण्यातली ढोलकी

फौजेतून फलटणजवळच्या गावी परतलेल्या नाथाजीनं तमाशात साळूबाईची लावणी तिच्या नकळत बॅटरीवरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली. तिच्या गाण्यावर त्याचा फार जीव होता. पुढच्या जत्रेला गावानं तिच्या फडाला बोलावलंच नाही. कर्ण्यावर टेप लावली. ते कळताच साळूबाई मंडपात धडकली. "माजा गळा मला न इचारता वाजवतोस? बंद कर!" नाथाजी शरमून बटणाकडं वळला, तोच कर्ण्यातून ढोलकी कडाडली आणि वाजवणारा ओरडला, "वा, साळू!" तो तिचा आषाढात वारलेला नवरा केरू होता. "ऱ्हाऊ दे," ती पुटपुटली. गाणं संपल्यावर नाथाजीनं टेपरेकॉर्डरच तिच्या बैलगाडीत ठेवला. "चुकलं माजं, आक्का. हे तुमचंच हाय." साळूबाई पुन्हा फडावर उभी राहिली नाही. रोज तिच्या घरातून तिचंच गाणं यायचं. केरूनं साद घातली की ती हळूच "आले" म्हणायची.