उशी

सुताराने शवपेटी बनवायची आणि त्याच्या बायकोने आत ठेवायला छोटी उशी शिवायची, अशी त्या घराची रीत. "मेलेल्याला कसली आलीय उशी?" म्हणून लोक हसायचे, ती मात्र कापूस पिंजत बसायची. दोघांची एकुलती लेक ज्याच्या ट्रकखाली गेली, आज त्याच ड्रायव्हरची पेटी करायची होती. सुताराने रंधा मारला, पण उशीचं नाव काढायचा त्याला धीर झाला नाही. चर्चमध्ये प्रार्थनेत 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली, की बायको अजूनही ओठ मिटून घ्यायची. शेवटी त्याने झाकणाला हात घातला, तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली. हातातली उशी पाहून तो चरकला. "अगं, हा तर आपल्या पोरीचा फ्रॉक!" "मऊ आहे," ती म्हणाली. "त्या दिवसापासून त्याच्याही डोळ्याला डोळा लागला नसेल."