शेवटची संथा

“बाबा, रेकॉर्डर ऑन केलाय. स्लोली म्हणा हं,” सुमित्रा सासऱ्यांना म्हणाली.

त्र्यंबकशास्त्र्यांनी मान डोलावली. समोर शिकागोहून आलेल्या ग्रीक भाषेच्या प्राध्यापिका बसल्या होत्या. नेपरव्हिल या उपनगरातले शास्त्र्यांचे शेजारी, ग्रीक कवी कॉस्मास पेरदिकास, २००६ च्या मार्चमध्ये वारले. पाच काव्यसंग्रहांनंतर पक्षाघाताने त्यांचा लिहिता हात नेला आणि इंग्रजीही नेली. उरली केवळ मातृभाषा. त्यांची अखेरची कविता आता एकाच ठिकाणी होती: ग्रीकचे अक्षरही न जाणणाऱ्या या वैदिकाच्या कंठात.

“अर्थ न कळता इतकं पाठ?” बाईंनी नवलाने विचारले.

“आमच्याकडे आधी पाठ, मग अर्थ. कधी तो जन्मभर येतही नाही,” शास्त्री हसले.

त्या अखेरच्या हिवाळाभर शास्त्री रोज दुपारी कवींकडे जात. “बाबा, ग्रीकला ॲडमिशन घेतलीत की काय?” सुमित्रा थट्टा करी. कवींना सांभाळणारी त्यांची पुतणी इरिनी दार उघडी, आदराने बसवी. “काका कविता रचतात. मला मात्र त्यातलं काही विचारू नका!” असे म्हणून ती कॉफी करायला आत जाई.

तिची पाठ वळताच कवी शास्त्र्यांचे मनगट धरीत आणि उपांशू जप करावा तसे, ओठांतल्या ओठांत, त्याच ओळी म्हणत. ही गुरूमागून म्हणायची संथाच, असे मानून शास्त्रीही तशाच हलक्या स्वरात म्हणून दाखवीत. प्रथम बिनचूक म्हटले, त्या दिवशी कवींच्या डोळ्यांना धार लागली. दुसऱ्या दिवसापासून संथेत एक ओळ वाढली. पुढे कवींचा देह काडीसारखा झाला, तरी संथा चुकली नाही.

कवी गेल्यावर मात्र त्या ओळी भर संध्येत, गायत्रीच्या मधोमध, आपोआप ओठांवर येऊ लागल्या. मनगटावर पकड जाणवे. ही विद्या तिच्या माणसांच्या हाती सोपवल्यावाचून सुटका नाही, हे शास्त्र्यांनी ओळखले होते.

त्यांनी डोळे मिटले. कवी जिथे श्वास घेत, तिथेच श्वास घेत त्यांनी सारे म्हटले.

डोळे उघडले, तेव्हा बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“उच्चार चुकला का?” शास्त्र्यांनी घाबरून विचारले.

“नाही. पण ही कविता नाही.” त्या अडखळत सांगू लागल्या, “‘ती मला जेवू घालत नाही. तू गेलास की कोंडून ठेवते. बाहेर जाऊन कुणाला तरी सांग.’”

“आणि मागाहून वाढलेली ती ओळ?” शास्त्र्यांनी विचारले.

बाईंनी सुमित्राकडे पाहिले, मग मान खाली घातली.

“‘तुला तर सगळं कळलंय. मग अजून कुणी का येत नाही?’”