परका डोळा

"मान वाकव गो," म्हणत आनंदीबाईंनी सुनेच्या उजव्या डोळ्यावर जुन्या धोतराची पट्टी आवळली.

सत्यवतीला सातवा महिना होता. ओटी भरायला तारकर्लीतल्या पाच सवाष्णी माजघरात जमल्या होत्या. देवी आल्या तेव्हा तिचे दोन्ही डोळे गेले होते. वर्षापूर्वी मुंबईच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात एका मेलेल्या माणसाच्या बुबुळाचा पडदा शिवला आणि त्या एका डोळ्याने तिला पुन्हा दिसू लागलं. पट्टी बांधली की परत काळोख.

"मेलेल्याचो डोळो तो," आनंदीबाई बायकांना सांगत होत्या. "पोटातल्या पोराक बाधतलो. बाळंत होयसर बांधलेलोच बरो."

पंधरा दिवस हेच चाललं होतं. सत्यवती दोनदा पडवीच्या पायरीवर आपटली होती. त्याहून वाईट म्हणजे, ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटू लागलं होतं. पोर हललं की तिच्या काळजात धस्स व्हायचं, हे नक्की कोणाचं? घास घशाखाली उतरत नव्हता. मुंबईला नवऱ्याला कळवावं, तर बांधल्या डोळ्याने लिहिता येईना; पत्र लिहिणार सासरेच.

पाचीजणींतली शेजारची नर्मदाकाकी ओटी भरायला पुढे झाली. चार दाणे तांदूळ तिने लांबूनच भिरकावले; ते सत्यवतीच्या गालाला लागले. कुणीतरी फिसकन हसलं.

असल्या बायकांना भिऊन आपण आपल्याच पोराला भ्यालो! सत्यवतीला किळस आली. तिने पट्टी ओढून काढली.

पाचीजणी भिंतीला चिकटल्या. नर्मदाकाकी अजून पदराला बोटं पुसत होती.

"गो, तो मेलेलो तुका दिसता?" तिने चाचरत विचारलं.

"तो माका दिसणा नाय, काकीनू. तेका तुमी दिसतास." सत्यवतीने एकेकीवरून नजर फिरवली. "ह्याच्यापेक्षा बरी माणसा बघून मेलो असतलो तो बिचारो."

आनंदीबाई चुलीकडच्या दारापर्यंत मागे सरकल्या.

सत्यवतीने ओटीभरणासाठी वाढून ठेवलेलं ताट पुढे ओढलं. तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे नारळाच्या गोड रसात कालवून ती भराभरा खाऊ लागली. ताट रिकामं झालं तसं तिने ते सासूकडे सरकवलं.

"वाढा, आईनू. आमका दोघांक भूक लागली."