बहिणीचा मान

"खोकं वर धर, पोरी," तालोसागा म्हणाला. "मागच्यांना दिसत नाही."

लानुओलाने खोकं डोक्याच्या वर धरलं. उरलेली अकरा तिच्या पायाशी रचलेली होती. चारही बाजूंनी उघड्या असलेल्या त्या घरात दीडेकशे माणसं मांडी घालून बसली होती. मधोमध तिच्या मामाची, इओसेफोची, शवपेटी. अंत्यविधीला आलेली प्रत्येक भेट इथे सगळ्यांसमोर, देणाऱ्याचं नाव घेऊन पुकारली जाते. तालोसागा हा गावचा वक्ता, त्यामुळे पुकारायचं काम त्याचं. आत्तापर्यंत पिसुपोची, म्हणजे डबाबंद गोमांसाची, चाळीस खोकी पुकारून झाली होती आणि खारवलेल्या गोमांसाची सात पिंपं.

आता मेलेल्याच्या बहिणीची पाळी होती. लानुओलाची आई फीलोमेना एका खांबाला टेकून बसली होती. भावाच्या मरणात बहिणीची भेट उणी पडली तर गाव ते तीन पिढ्या विसरत नाही. तरीही या वेळी पिसुपो न्यायचं नाही, असं लानुओलाने तिला बजावलं होतं. आईने दोन दिवस वाद घातला आणि मग ऐकलं.

तालोसागाने चष्मा लावला.

"मृताची बहीण फीलोमेना हिच्याकडून," त्याने आवाज चढवला, "सोयाबीनचा खिमा. खोकी बारा."

बाकीच्यांच्या वेळी तो एवढं बोलून पुढच्या नावाकडे वळला होता. या वेळी वळला नाही.

"चव मांसासारखी, असं लिहिलंय. मांसासारखी. जसा माझा जावई माणसासारखा."

हशा पिकला. जावईसुद्धा हसला.

"तारीख बघा, तारीख," मागून कुणीतरी म्हणालं.

"बघतो ना. गेल्या वर्षी या आरोग्य खात्याच्या बाईंनी आमच्या एसेताच्या दुकानातले डबे तारीख उलटली म्हणून खड्ड्यात पुरायला लावले. मग बाईंच्या मालाची तारीख नको बघायला?" त्याने बोटाने खूण केली. लानुओलाने खोकं फिरवलं. "अजून तीन वर्षं आहेत. आपल्यातले काहीजण त्याच्या आधी खराब होतील."

या वेळी बायकाही हसल्या. आई मान खाली घालून चटईची वीण बघत होती.

"शंभर ग्रॅममध्ये चोवीस ग्रॅम प्रथिनं आहेत," लानुओला म्हणाली. आरोग्य खात्यातर्फे रेडिओवर बोलायची त्याच आवाजात. "आणि मीठ पिसुपोच्या निम्म्याहून कमी."

"शंभर ग्रॅम म्हणजे किती गं?" तालोसागाने विचारलं. "इथं कुणी एवढं कमी खाल्लं तर आम्ही डॉक्टरला बोलावतो."

शवपेटीजवळून एसेता उठली, आणि हसणं थांबलं. ती इओसेफोची बायको.

"वर्षभर ते हेच खात होते," ती म्हणाली. "मीच शिजवत होते, ही सांगायची तसं. परवाच्या रविवारी त्यांनी पिसुपो मागितलं. मी म्हटलं, लानुओला रागावेल. मग त्यांनी परत मागितलं नाही."

लानुओलाने खोकं खाली ठेवलं. "मामी, मी त्यांच्या भल्यासाठीच सांगत होते."

"हो गं. भल्यासाठीच." एसेता फीलोमेनाकडे वळली. "वन्सं, तुमची भेट पोचली. आता या घराकडून तुमचा मान घ्या. तुम्ही तरी उपाशी जाऊ नका."

दोघीजणींनी मोठं पातेलं उचलून आणलं. उकडलेलं खारं गोमांस सकाळपासून उघडं पडलेलं, कोमट, वर चरबीचा पांढरा थर. दुसऱ्या कुठल्याही गावात लानुओलाने ते ओतून द्यायला लावलं असतं. एसेताने हाताएवढा तुकडा ताटात घालून फीलोमेनापुढे ठेवला. आईच्या मूत्रपिंडांचा मंगळवारचा रिपोर्ट लानुओलाच्या पिशवीत होता. तेवढ्या एका तुकड्यात आईचं दोन दिवसांचं मीठ होतं.

ती आईशेजारी जाऊन बसली. "आई, नुसतं चाख आणि बाजूला ठेव. लोकांना कळेल."

"काय कळेल?" आई ओठ न हलवता म्हणाली. "तू गप्प बस. आज पुष्कळ बोललीस."

तिने तुकडा दोन्ही हातांनी उचलला आणि चरबीच्या बाजूने दात लावले. ती सावकाश चावत होती. सगळं घर तिच्या जबड्याकडे बघत होतं. ताट रिकामं झालं तेव्हा तालोसागाने छातीत हवा भरून घेतली.

"मृताची बहीण फीलोमेना. तुकडा एक."

म्हाताऱ्यांनी समाधानाने हुंकार दिला. आईने ताट पुढे केलं. एसेताने वाढलं.

"तुकडा दोन."

आता कुणी हसत नव्हतं. समोरच्या रांगेतल्या बायका फीलोमेनाकडे आदराने बघत होत्या. लानुओलाने पाण्याचा पेला पुढे केला. आईने तो कोपराने दूर सारला.

"मऊ झालंय," ती एसेताला म्हणाली. "दादाला असंच लागायचं."

"अजून वाढू, वन्सं?"

आईने बोटं चाटली, मुलीकडे एकदा पाहिलं आणि ताट पुढे केलं. एसेताने बाही वर सारली, डाव पातेल्यात खोलवर घातला आणि वरचे लहान तुकडे बाजूला करून ती तळाशी शोधू लागली.