तिसरं सिझेरियन

"अजून थोडं थांबू," अध्यक्ष म्हणाले. "कळा येताहेत ना? मग होईल की आपसूक."

टेबलावर त्यांची बुलडॉग कुत्री आडवी पडली होती. सकाळपासून जोर लावून लावून ती थकली होती. जीभ निळसर पडली होती आणि खालच्या चादरीवर हिरवट पाणी पसरत होतं. अध्यक्षांची बायको तिचं डोकं धरून उभी होती. डॉक्टरबाईंनी कुत्रीच्या पोटावरून हात फिरवला.

"पिल्लू आडवं अडकलंय. हिरवं पाणी गेलं म्हणजे वार सुटली. थांबलो तर पिल्लं जातील आणि मग हीसुद्धा. पोट आत्ताच उघडायला हवं."

"ते मलाही कळतं हो. पण हिची दोन सिझेरियन झालीत. हे तिसरं होईल."

तिसऱ्याची भानगड अशी होती, की ते ज्याचे अध्यक्ष होते त्या श्वानपालक संघाने नुकताच एक नियम केला होता. ज्या कुत्रीचं पोट तिसऱ्यांदा उघडावं लागेल, तिच्या त्या पिल्लांना शुद्ध वंशाचा दाखला मिळणार नाही. नियम आणला कोणी? याच महाशयांनी. भर सभेत मूठ आपटून, वर डोळ्यांत पाणी आणून. मुक्या जिवाला यंत्र समजणाऱ्यांना आपल्या संघात जागा नाही, असं ते म्हणाले होते. बायको पहिल्या रांगेत होती. टाळ्या तिनेही वाजवल्या. न वाजवून करते काय. दाखला नसलेलं पिल्लू म्हणजे या माणसाच्या लेखी रस्त्यावरचं कुत्रं, आणि रस्त्यावरचं कुत्रं दिसलं की तो गाडीची काच वर घेतो.

अध्यक्षांनी आवाज खाली आणला. सभेत मतं गोळा करताना आणतात तसा.

"डॉक्टर, असं करू. तुम्ही ऑपरेशन करा. फक्त लिहून देताना नैसर्गिक बाळंतपण म्हणून लिहा."

"नाही."

"मग कळांचं इंजेक्शन द्या."

"पिल्लू अडकलेलं असताना कळा वाढवल्या तर गर्भपिशवी फाटेल."

"फाटेल नाहीतर राहील. मालक मी आहे, मी सांगतोय ना."

डॉक्टरबाईंनी संगणकाकडे पाहिलं. "मालक तुम्ही नाही. नोंद बाईंच्या नावावर आहे."

खरं होतं ते, आणि त्याच्याही मुळाशी नियमच होता. एका सभासदाने वीण घ्यायला चारच कुत्र्या ठेवाव्यात, हाही याच महाशयांचा नियम. पाचवी, म्हणजे हीच, घरात आली तेव्हा त्यांनी ती हसत हसत बायकोच्या नावावर चढवली, सहावी मेव्हणीच्या. त्यांनी सांगितलं तिथे बायकोने सही केली होती. आजवर सगळीकडे केली तशीच.

"अहो, ते नुसतं नावाला," अध्यक्ष म्हणाले. "अगं, सांग ना यांना."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. इस्त्रीचा कोट, कोटावर संघाचा बिल्ला. निघताना कुत्री दारात कण्हत होती आणि हा माणूस बिल्ला शोधत कपाटं उलथीपालथी करत होता. इतकी वर्षं तिला त्याचा राग यायचा. आज राग आला नाही. किळस आली, आणि राग येण्यापेक्षा ते बरंच सोपं होतं.

"सांगते," ती म्हणाली. "डॉक्टर, पोट उघडा. आणि पिशवीही काढून टाका."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पुन्हा वीण होणार नाही हिची. वंश बुडेल."

"बुडू दे."

डॉक्टरबाईंनी तिची सही घेतली आणि दोघांना बाहेर काढलं.

एक पिल्लू मेलेलं निघालं, तीन जगली. कुत्रीही वाचली. बायको आतल्या खोलीत जमिनीवर बसली, गुंगीतल्या कुत्रीचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि पिल्लं एकमेकांना ढकलत दूध शोधत होती. बऱ्याच दिवसांनी तिला मोकळं वाटलं. बाहेर व्हरांड्यात अध्यक्ष फोनवर बोलत होते. संघाच्या सचिवांशी असावेत.

"हो हो, तिसरंच. मीच म्हटलं, पिल्लांना दाखले नकोत. नियमाची सुरुवात आपल्या घरापासून व्हायला हवी ना? पिशवीसुद्धा काढायला लावली. बायको रडायला लागली हो, पण मी ठाम राहिलो."

मग ते आत आले. केसांवरून हात फिरवला, बिल्ला सरळ केला आणि गुडघ्यांना जपत कुत्रीजवळ बसले.

"जरा बाजूला सरक. ग्रुपवर फोटो टाकायचाय." त्यांनी एक हात कुत्रीच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्याने मोबाइल समोर धरून फोटो काढला आणि टाइप करायला लागले. मध्येच अंगठा थांबला. "नोंदीतलं नाव फार लांबलचक आहे. खाली काहीतरी घरगुती हवं. तू हिला काय म्हणून हाक मारतेस गं?"

बायकोने त्यांचा हात कुत्रीच्या डोक्यावरून उचलला आणि त्यांच्याच गुडघ्यावर नेऊन ठेवला.

"सांगून उपयोग नाही," ती म्हणाली. "तुम्हाला ती ओ देणार नाही."